कीड न लागलेलं लाकूड

गोदाम पाडून झालं आणि त्याचं लाकूड रस्त्याच्या कडेला ढीग घालून ठेवलं, तेव्हा ढिगाभोवती बरीच माणसं जमली. त्यातल्या निम्म्यांना लाकडाशी काही देणंघेणं नव्हतं. म्हातारा मिस्त्री लाकूड कसं बोलतो, ते बघायला ती आली होती.

जुनं लाकूड सगळं एकाच तोंडाचं दिसतं. धूर, डांबर, रंगाचे थर आणि वर्षांची धूळ बसली की साग कुठला, आंबा कुठला, काही कळत नाही. विकणारा सगळ्यालाच साग म्हणतो आणि घेणारा सगळ्यालाच जळाऊ म्हणतो. म्हणून तिथल्या सुतारांनी एक पद्धत घालून घेतली होती. जो जाणता असेल त्याने चारचौघांसमोर लाकूड सोलायचं, त्याचं नाव मोठ्याने बोलायचं आणि टोकावर तासायच्या वाकसाचे दोन तिरपे घाव घालायचे. ते घाव म्हणजे त्याचा शब्द. पुढे त्या लाकडाचं काही वाईट निघालं तर जबाबदार तो, विकणारा नाही. त्यामुळे लाकूड बोलायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नसे. मिस्त्री आयुष्यभर बोलत आला होता आणि एकदाही चुकला नव्हता. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे कुणाला ते विसरायची सोय नव्हती.

दुसरे सुतार लाकूड ठोकून बघत, हातात तोलून बघत. मिस्त्री नाकाने ओळखायचा. तो उकिडवा बसला, एका रुंद फळीवर रंधा ठेवून दोन-तीनदा ओढला. वरचा काळा थर गेला आणि खालून मधाचा रंग वर आला. त्याने छिलका उचलला, तळव्यांत चोळला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"साग," मिस्त्री म्हणाला. "नुसता साग नाही, जुना मुरलेला साग. आणि हे बघा, एक भोक नाही. छपराच्या वाशांना भुंग्याने चाळणी केलीय, आणि ही जमिनीची फळी, ओलीशी चिकटून पडलेली, हिला वाळवी नाही, कीड नाही. याला म्हणतात लाकूड."

त्याने वाकस उचलला आणि दोन घाव घातले. मग एकामागून एक सगळ्याच फळ्यांवर घातले. पाडकामवाल्याचा चेहरा खुलला. मिस्त्रीने हव्या तेवढ्या फळ्या बाजूला काढल्या, उरलेल्या बघता बघता इतरांनी उचलल्या.

मिस्त्रीचा मुलगा आणि सून हातगाडी घेऊन आले होते. मुलाला सगळे पॉलिश म्हणत, कारण बापाने घडवायचं आणि त्याने पॉलिश मारायचं अशी त्या घरात वाटणी होती. नवराबायकोने फळी दोन टोकांना धरली आणि खांद्यावर घेतली. सुनेचं नाक फळीला टेकल्यासारखंच होतं. चार पावलं गेली असेल नसेल, तिने फळी खाली टाकली आणि गटाराच्या कडेला धावली.

ती उलटी करून तोंड पुसत उभी राहिली तेव्हा ढिगाभोवतीची सगळी माणसं हसत होती.

"मिस्त्री, आजोबा होताय वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

मिस्त्री होतच होता आजोबा. नुकतंच कळलं होतं. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि जणू हेही आपणच घडवलंय असा चेहरा केला.

"अहो," सून हळूच नवऱ्याला म्हणाली, "या फळीला फवारणीच्या औषधाचा वास येतोय."

पॉलिशने फळीला नाक लावलं. स्पिरिट आणि लाखेच्या वासात त्याची वर्षं गेली होती. त्याला ताज्या फुलाचाही वास स्पिरिटसारखाच यायचा.

"मला तर काही नाही येत," तो म्हणाला. "बाबांनी बोललंय ना लाकूड? चल, उचल."

त्या वर्षी कामाचा दुष्काळ होता. लोखंडी खाटा आणि प्लास्टिकच्या खुर्च्या टेम्पोत भरून दारापर्यंत यायच्या, मग सुताराकडे कोण जातंय? उन्हाळा असा तापला होता की शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नसे, आणि तरी मिस्त्री रोज सकाळी तिथे जाऊन बोथट न झालेल्या पटाशींना धार लावत बसायचा. पॉलिशने शहरातल्या कारखान्यात खोकी भरायच्या कामासाठी सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात बालवाडीच्या बाई आल्या होत्या. मुलं जमिनीवर बसून कंटाळली होती, त्यांना छोटे बाक आणि बुटकी टेबलं हवी होती. बाई म्हणाल्या, "हे नीट झालं, तर आजूबाजूच्या बालवाड्यांनाही मी तुमचंच नाव सांगणार आहे." कारखान्याचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला. पण मागेच पडला होता, मिटला नव्हता. गोदामाचं लाकूड घेतलं ते या बाकांसाठीच.

तेव्हा सुनेच्या उलटीकडे कुणी फार लक्ष दिलं नाही यात नवल नाही.

काम सुरू झालं. मिस्त्री फळ्या कापायचा, खाचा पाडायचा, त्यांत कुसं बसवायचा. पॉलिश कानस मारायचा, भेगा भरायचा आणि पॉलिशचा हात द्यायचा. सुनेकडे भुसा झाडणं, खिळे काढणं आणि फळीचं दुसरं टोक धरून उभं राहणं होतं. रंधा फिरला की छिलक्यांबरोबर तो वास उठायचा, कडवट, घशाला चिकटणारा. तिचं कपाळ दुपारपर्यंत ठणकायला लागायचं. हातांच्या बोटांमध्ये लाल चट्टे उठले. घरी जेवायला बसली तरी घास त्याच वासाचा लागायचा.

तिला तो वास नवा नव्हता. तिचे वडील भाजीचं शेत करायचे आणि किडीवर पांढरी पावडर धुरळायचे. तो धुरळा अंगावर घेऊन ते घरी आले की आई त्यांना अंगणातच आंघोळ घालायची, तोवर पोरांना जवळ येऊ द्यायची नाही.

"आई, त्या लाकडात विष आहे हो," ती सासूला म्हणाली.

सासूने तपकिरीची चिमूट ओढली आणि दोनदा शिंकली. तिला तपकिरीखेरीज कसलाच वास येत नसे, आणि तिची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती.

"अगं, दिवस गेले की असंच होतं," सासू म्हणाली. "मला या पॉलिशच्या वेळी साबण सहन व्हायचा नाही. हे माझ्या शेजारी बसले तरी मला मळमळायचं. ते मात्र अजून जात नाही."

"माझी गंमत नका करू. मी खरंच सांगते."

"मीही खरंच सांगते," सासू म्हणाली, आणि डबी बंद केली.

थोडक्यात, त्या घरात नाक असं एकच उरलं होतं, आणि त्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

सून हट्टी होती. माहेरी तिला घोरपड म्हणत, एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. ती मिस्त्रीकडे सरळ गेली.

"मामंजी, या फळ्यांना औषधाचा वास येतोय. लहान मुलं बसणार आहेत त्यांवर. मुलं काय, बाक चाटतातसुद्धा."

मिस्त्रीने रंधा थांबवला नाही. "कसला औषधाचा? साग आहे तो. सागाला वास असतो."

"सागाचा वास मला ठाऊक आहे. हा त्याच्यावरचा आहे."

"सूनबाई," मिस्त्री म्हणाला, आणि आता रंधा थांबला. "मी चारचौघांत घाव घातलेत. तुला त्रास होत असेल तर शेडमध्ये येऊ नकोस. सावलीत बस, आराम कर. पण माझ्या लाकडाला नावं ठेवू नकोस."

त्याचा आवाज चढला नव्हता. तरी ती मागे फिरली. पहिले चार बाक त्याच आठवड्यात बालवाडीत गेले.

त्यानंतरची गोष्ट. सकाळची वेळ. सून विहिरीवर गेली होती, सासू शेजारी. चुलीवर दूध ठेवलं होतं आणि चुलीपासून हातभर अंतरावर मिस्त्री पाट टाकून पटाशी घासत बसला होता. सून घागर घेऊन अंगणात आली तर करपल्याचा भपकारा तिला फाटकातच लागला. ती धावत आत गेली. दूध उतू जाऊन, आटून, भांड्याच्या बुडाला कोळसा झाला होता. मिस्त्री तिथेच बसला होता आणि पटाशीवर अंगठा फिरवून धार बघत होता. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"अरेच्चा," तो म्हणाला.

सासू आली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. "शेजारी बसून दूध जाळलंत! अहो, चार घरं सोडून मला वास आला! तुमचं लक्ष असतं कुठे?" चार घरं सोडून सासूला वास आला नव्हता, तिने धूर बघितला होता, पण रागाच्या भरात माणूस बोलतो. मिस्त्री नुसताच हसला. लक्ष नव्हतं म्हणाला.

सून भांडं घासत राहिली आणि विचार करत राहिली. थंडीत मिस्त्री तापाने आजारी होता. त्यानंतर तो जेवताना मिठाचं भांडं मागायला लागला होता. भाजी कशी झालीय असं विचारलं की 'छान' म्हणायचा, आणि आधी कधीही छान न म्हणणारा तो माणूस. भांडं हातातच राहिलं.

दुपारी ती शेडमध्ये गेली. पॉलिश स्पिरिट आणायला गेला होता. मिस्त्री एकटाच होता, आणि बाकाच्या पायाला खाच पाडत होता. भुशाने त्याचा चष्मा भरला होता.

"मामंजी, चष्मा पुसून घ्या," ती म्हणाली आणि फडकं पुढे केलं.

त्याने चष्मा काढला, फडक्याने दोन्ही काचा पुसल्या आणि परत घातला. काचांवर तेलकट ओघळ आले होते. त्याने चष्मा काढून पुन्हा पुसला. फडकं रॉकेलने चिंब होतं. ती त्याच्यापासून चार हात लांब उभी होती तरी तिच्या नाकातोंडात ते गेलं होतं.

मिस्त्रीने फडक्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग फडकं हळूच खाली ठेवलं.

"रॉकेल आहे?"

"हो."

"परीक्षा घेतलीस माझी."

"घेतली," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चुकलं असेल तर बोला मला. पण घेतली."

चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदीच म्हातारा दिसत होता.

"तापानंतर गेलं," तो म्हणाला. "आधी वाटलं, सर्दी आहे, येईल परत. रोज सकाळी उठून भुसा हुंगायचो. काही नाही. जेवण काय, माती काय, सगळं पाण्यासारखं."

"मग ढिगापाशी डोळे मिटून काय करत होतात?"

"आठवत होतो," मिस्त्री म्हणाला.

सुनेने ते फडकं उचलून लांब टाकलं.

"पण खोटं नाही बोललो," तो एकदम उसळून म्हणाला. "साग हातालाही कळतो. तेलकट लागतो, वजन सांगतं, रेषा सांगतात. साग आहे तो! दुसऱ्या कुणालाही बोलव."

"सागच आहे, मामंजी. सागाबद्दल मी कुठे काय म्हणते? पण त्यात औषध मुरलंय, आणि ते हाताला कळत नाही."

"तुला आता दिवस गेलेत, तुला सगळ्यालाच..."

"दिवस पोटात आहेत, डोक्यात नाहीत!"

एरवी सासऱ्यासमोर ती असं कधी बोलली नसती. मिस्त्रीने चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला, घातला आणि पटाशी उचलली. "उरलेले बाक उद्या जायचेत," तो म्हणाला. "जातील. तुझ्या नवऱ्याला खोकी भरायला पाठवायचं असेल तर तसं सांग."

रागाने तिचं डोकं फिरलं होतं, पण पाय जागेवरच होते. नाक नाही त्याला नाकाने कसं पटणार? हे तिला आधीच कळायला हवं होतं. त्याला डोळ्यांनी दाखवायला हवं. ती घरात गेली आणि वाटीत साखरेचं पाणी घेऊन आली.

शेडच्या मागे भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग होती. उन्हाळ्यात ती हटायची नाही, सासूने राख टाकली तरी वळसा घालून यायची. सुनेने एक नवा बाक उचलून त्या रांगेपाशी ठेवला. त्याला अजून पॉलिश लागलं नव्हतं, कोरं लाकूड होतं. शेजारी घरातलं जुनं स्टूल ठेवलं. दोन्हींवर साखरेचं पाणी सांडलं.

"हे काय चाललंय?" मिस्त्री आतून म्हणाला.

"या आणि बसा इथे."

"मला काम आहे."

"मग मी बसते," ती म्हणाली, आणि उन्हात मांडी घालून बसली. "तुम्ही येईपर्यंत मी उठणार नाही. मला काही झालं तर आईंना तुम्ही सांगा."

पोटुशी सून भर उन्हात बसली आहे म्हटल्यावर म्हाताऱ्याची पंचाईत झाली. तो चरफडत बाहेर आला, तिच्या डोक्यावर स्वतःचा टॉवेल टाकला आणि भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला.

मुंग्या आधी स्टुलावर आल्या. बघता बघता स्टुलाचा पाय काळा झाला आणि साखरेच्या डागाभोवती गर्दी उडाली. बाकाकडे थोड्या वळल्या. पायावरून चढल्या, फळीवर आल्या, साखरेपर्यंत पोचल्यासुद्धा. मग एक जागच्या जागी फिरायला लागली. दुसरी पाय झाडायला लागली, जसं काही अंगावरचं झटकत होती. तिसरी फळीच्या कडेवरून खाली पडली आणि परत उठली नाही. मागून येणाऱ्या मुंग्या पायाशी थांबल्या, मिशा हलवल्या आणि परत फिरल्या. सावली बाकावर सरकली तेव्हा साखरेच्या डागाभोवती मेलेल्या मुंग्यांचं कडं झालं होतं आणि स्टुलावर जेवणावळ चालूच होती.

मिस्त्री पुढे सरकला. त्याने बोटाने एक मेलेली मुंगी उचलली, तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेली. मग फळीवरून हात फिरवला. हा हात त्या फळीवरून कितीदा फिरला असेल. भोक नाही, वाळवी नाही, कीड नाही. लोकांसमोर तो हेच तर छातीठोकपणे सांगत होता.

"कीड लागणार कशी," तो म्हणाला. "मेलीच असणार सगळी."

जिंकल्याचं सुनेला काही वाटेना. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"त्या चार बाकांवर मुलं बसलीत?" मिस्त्रीने विचारलं. ठाऊक असूनही विचारलं.

"आजही बसली असतील."

मिस्त्री उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून उठला. "हातगाडी काढ," तो म्हणाला.

"उद्या गेलं तर? हे आले की..."

"हातगाडी काढ म्हणतो ना!"

बालवाडी सुटायची वेळ झाली होती. आया, बाप, एकदोन आज्या दारात उभ्या होत्या. मिस्त्री पुढे आणि सून मागे, रिकामी हातगाडी घेऊन आले तेव्हा बाईंना वाटलं, उरलेले बाक आले. त्या हसत पुढे आल्या. मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं नाही. तो सरळ खोलीत गेला.

मुलं बाकांवर होती. एक पोरगा टेबल समजून बाकासमोर जमिनीवर बसला होता आणि गाल फळीवर टेकून झोपला होता. तोंडातून लाळ फळीवर आली होती. मिस्त्रीने त्याला दोन्ही हातांनी उचललं. पोरगा जागा झाला आणि रडायला लागला. मिस्त्रीने त्याचा गाल आपल्या सदऱ्याने पुसला, परत पुसला, पुसतच राहिला. शेवटी आईने येऊन पोराला त्याच्या हातातून घेतलं.

"काय झालं, मिस्त्री?" बाई म्हणाल्या.

"गाल धुवा याचा. सगळ्यांचे हात धुवा. हे बाक मी परत नेतोय."

"परत? का?"

मिस्त्रीने आजूबाजूला बघितलं. माणसं दारात दाटली होती. सून त्याच्या मागेच उभी होती. ती पुढे होऊन काहीतरी बोलणार होती, लाकूड ओलं निघालं, खाच सुटली, असलं काहीतरी. तिने तोंड उघडलंही होतं.

"लाकडात किडीचं औषध मुरलंय," मिस्त्री म्हणाला. "मला कळलं नाही. माझं नाक गेलंय. थंडीपासून गेलंय. तरी मी तुमच्यासमोर छिलका हुंगायचं नाटक केलं आणि घाव घातले. हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी ऐकलं नाही."

मग दारातली एक आजी म्हणाली, "त्या गोदामात धान्य भरायच्या आधी औषधाच्या गोण्या असायच्या की. माझा नवरा हमाल होता तिथे. फुटलेल्या गोण्यांतून पावडर सांडून जमीन पांढरी झालेली असायची." आता सांगून उपयोग काय, असं तिला कुणी म्हटलं नाही. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

"दोन-तीन मुलं डोळे चोळत होती," बाई हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं, ऊन आहे."

"मग आता तुम्ही बोललेली सगळीच लाकडं तपासायची का?" एक बाप म्हणाला. त्याने त्याच ढिगातल्या फळ्यांचं स्वयंपाकघरात भांडी ठेवायचं मांडण केलं होतं. त्याचा आवाज फाटला होता. "इतका विश्वास ठेवायचा माणसावर आणि..."

"थंडीच्या आधीची नको," मिस्त्री म्हणाला. "नंतरची सगळी. मी प्रत्येकाच्या घरी येतो. तुझ्याकडे आजच येतो. आणि ते जाळू नकोस, धूर घरात जाईल. खड्डा करून पुरायचं."

कुणी त्याला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं, असं त्याला वाटत असावं. बाक हातगाडीवर चढवायला कुणी पुढे झालं नाही, ते सासऱ्याने आणि सुनेनेच चढवले. ती ओझं उचलायला वाकली की तो तिला बाजूला करायचा आणि ती परत येऊन दुसरं टोक धरायची.

"मिस्त्री," मागून बाई म्हणाल्या. "मग मुलांनी बसायचं कशावर?"

त्याने वळून बघितलं. बाईंच्या आवाजात राग नव्हता, पण आर्जवही नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. वखारीत नवं लाकूड मिळत होतं, पण ते महाग आणि ओलं, आणि जुनं लाकूड आता त्याच्या शब्दावर कुणी दारात उभं करणार नव्हतं. 

"सुट्टी लागायच्या आत देतो," मिस्त्री म्हणाला.

"लाकूड कुठलं?" मांडणवाला बाप म्हणाला.

"माझं."

घरी आल्यावर त्याने सासूला कपाट रिकामं करायला सांगितलं. दोन पुरुष उंचीचं, अख्ख्या भिंतीला टेकलेलं ते कपाट त्याने स्वतः तरुणपणी जुन्या पुलाच्या लाकडातून बनवलं होतं. सासूचे सगळे कपडे, पांघरुणं आणि तपकिरीचा साठा त्यात होता.

"डोकं फिरलंय का तुमचं?" सासू म्हणाली. "कपडे कुठे ठेवू मी?"

"दोरीवर."

"आणि तुम्हाला कुठे ठेवू?"

"हे एकच लाकूड आहे घरात ज्याचा वास मी स्वतः घेतलाय," मिस्त्री म्हणाला. "प्रत्येक फळीचा. याची मी खात्री देतो. काढ कपडे."

सासूने त्याच्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं. मग पदर खोचला आणि कपड्यांचे गठ्ठे काढून खाटेवर टाकायला लागली. तोंड चालूच होतं, पण हातही थांबले नाहीत. पॉलिश परत आला तेव्हा घरात कपड्यांचा डोंगर होता आणि बाप कपाटाची कुसं सोडवत होता. त्याला सगळं सांगायला सुनेला वेळ लागला. ऐकून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"म्हणजे आता कोण बोलवणार आपल्याला?" तो म्हणाला. "कारखान्यात निरोप देऊ का?"

"हे बाक झाल्यावर दे," सून म्हणाली. "आधी ती खालची फळी धरा."

त्याने फळी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विषाचे बाक आणि उरलेल्या फळ्या शेताच्या बांधापलीकडे खड्ड्यात गेल्या, विहिरीपासून लांब. मग मिस्त्री घरोघर फिरून आला. एका घरात त्याला पाणी विचारलं, दोन घरांत विचारलं नाही. परत येऊन त्याने पाय धुतले आणि कपाटाची पहिली फळी रंध्याखाली घेतली. पॉलिशचे जुने थर निघाले, खालून लाकूड वर आलं. एका कडेला भुंग्याची दोन जुनी भोकं होती. मिस्त्रीने त्यांवरून बोट फिरवलं.

त्याने लांबच लांब छिलका काढला, तळव्यांत चोळला आणि हात अर्ध्यावर थांबला. मग तो छिलका त्याने सुनेपुढे धरला.

तिने हुंगला. पूर्ण श्वास घेऊन, दोनदा हुंगला. औषधाचा मागमूस नव्हता.

"चांगला आहे, मामंजी. करा सुरू."

पण मिस्त्रीने रंधा उचलला नाही. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचा आवाज इतका खाली आला की शेजारी फळी धरून उभ्या असलेल्या पॉलिशलाही कान द्यावा लागला.

"कसा येतो गं?" त्याने विचारलं.

तिने छिलका पुन्हा नाकाशी धरला आणि शब्द शोधले.

"नव्या चपलेचा असतो ना, तसा," ती म्हणाली. "थोडा तेलाचा. आणि मागून गोड."

"मागून?"

"हो. आधी नाही, मग येतो."

मिस्त्रीने मान हलवली. डोळे पुसावेत तसा चष्मा पुसला.

"तोच," तो म्हणाला आणि रंधा फळीवर टेकवला. "धर घट्ट."